एका हातानं लावलेली बटणं

पप्पा आरशासमोर उभे होते आणि शर्टाची बटणं एका हातानं लावत होते.

सकाळचे सहा वाजले होते. त्यांची पहिली पाळी, सातची. आई बाहेर नळावर होती. मी गोधडीतून एक डोळा बाहेर काढून बघत होते. डावा हात त्यांनी पाठीमागे नेला होता, पीटीच्या तासाला ‘विश्राम’ म्हटल्यावर नेतो तसा. उजव्या हाताची बोटं एकटीच काजाशी झटापट करत होती. पहिलं बटण बसलं. दुसरं निसटलं. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी शर्ट हनुवटीखाली दाबून धरला आणि जीभ बाहेर काढून, अगदी पहिलीतल्या मुलासारखं, ते बटण आत ढकललं.

मला फस्सकन हसू आलं.

पप्पा दचकले. डावा हात पटकन पुढे आला आणि उरलेली बटणं दोन सेकंदांत लागली.

“झोपली न्हाईस व्हय गं तू?”

“तुमच्या हाताला काय झालंय?”

“काय न्हाई. मुंगी चावलीय. झोप.”

दोन दिवसांनी ते उंबऱ्यावर बसून सेफ्टी शूजची लेस बांधत होते. डावा हात मांडीखाली दाबलेला. गुडघा छातीशी घेतलेला, लेसचं एक टोक दातात आणि दुसरं उजव्या हातात. गाठ बसेना. कपाळावर घाम आला होता, तोही पहाटेच्या गारव्यात. एवढा मोठा माणूस, दातात लेस धरून.

या वेळी मला हसू आलं नाही. मी गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

आता मला ओळखणाऱ्यांना खरं वाटणार नाही, पण सातवीत असताना मी बोलतच नसे. आज मी दहावीत आहे, वक्तृत्वाची ढाल आमच्या वर्गात माझ्यामुळे आहे, आणि आईचं म्हणणं आहे की देवानं माझ्या तोंडाला झाकण द्यायला हवं होतं. पण तेव्हा हजेरीला ‘उपस्थित’ म्हटलेलंसुद्धा बाईंपर्यंत पोचायचं नाही. स्नेहसंमेलनात तीन ओळींचं निवेदन होतं माझं. पहिल्या ओळीला माईकसमोर रडू फुटलं आणि मी पायऱ्या उतरून थेट मुतारीत जाऊन लपले. त्यानंतर ‘रेणुका बिरादार’ हे नाव कुणी कुठल्या यादीत घातलं नाही. जी माणसं बोलत नाहीत ती बघत बसतात. मी बघायचे.

आम्ही भोसरीला एमआयडीसीच्या मागे एका खोलीत राहायचो. पप्पा उदगीरकडचे. लग्नानंतर इकडे आले आणि एका लहानशा कंपनीत पॉवर प्रेसवर लागले. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, बटण दाबायचं, वरून पन्नास टनांचा दट्ट्या धाडकन खाली येतो आणि तुकड्याचा गाडीचा पार्ट होतो. मला माहीत होतं ते एवढंच. आणि हेही माहीत होतं की शिवानंदकाकांच्या डाव्या हाताची तीन बोटं आषाढात प्रेसवर गेली. शिवानंदकाका पप्पांच्या गावचे. कंपनीनं त्यांना आता गेटवर बसवलं होतं आणि त्यांची प्रेस पप्पांना दिली होती. त्या विषयावर आमच्या घरी कुणी बोलत नसे. आई त्यांच्यासाठी डब्यात एक जास्तीची चपाती द्यायची, बस.

वर घरमालक राहायचे. त्यांची वृषालीताई बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय मानसशास्त्र. मागच्या वर्षीचं एक जाडजूड पुस्तक तिनं मला दिलं होतं, त्याच्या मागच्या कोऱ्या पानांवर गणितं करायला. मी गणितं केली नाहीत. पुस्तकच वाचलं.

बापरे, काय पुस्तक होतं ते! त्यात हिमनगाचं चित्र होतं. मनाचा थोडासा भाग वर दिसतो, बाकी सगळा पाण्याखाली. हिमनग मी कुठे बघणार, पण रसवंतीवाल्याच्या पिंपात बर्फाची लादी बघितली होती, त्यामुळे लगेच समजलं. पाण्याखाली असतं ते अबोध मन. नको असलेल्या, लाजेच्या, भीतीच्या गोष्टी माणूस तिथे ढकलून देतो आणि मग त्या स्वप्नातून, तोंडातून, हातातून निसटून वर येतात. तिथे एक वाक्य वृषालीताईनं पिवळ्या पेनानं रंगवलं होतं : ‘माणसाच्या हातून चुकून काहीच घडत नाही.’ पुढच्या प्रकरणात एक कुत्रा होता. घंटा वाजवून त्याला रोज खायला दिलं, तर शेवटी नुसत्या घंटेनं त्याच्या तोंडाला पाणी सुटायला लागलं. मला ते प्रकरण कंटाळवाणं वाटलं. त्यात गूढ असं काही नव्हतंच. मी ते अर्ध्यात सोडलं.

घरात मी सगळ्यांना अबोध मन लावायला सुरुवात केली. बाहेर बोलत नसले तरी आईपुढे माझी जीभ चालायची.

“आई, तुझं दूध उतू जातं ना, ते चुकून नाही. तुला आत्याचा राग आलाय. तो दुधातून बाहेर पडतोय.”

“असं व्हय? मग आता माझ्या अबोध मनातून तुझ्या पाठीत एक धपाटा घालू का?”

तर अशी मजा चालली होती. ती त्या लेसपाशी संपली.

पप्पा चार वाजता यायचे, चहा घ्यायचे आणि तासभर आडवे व्हायचे. मी शेजारी गृहपाठ करत बसायचे. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा त्यांचे हात नीट बघितले. झोपेत ते हलत होते. डावा हात गादीवरून पुढे सरकायचा, थांबायचा, मागे यायचा. उजवा जागेवरच, पण त्याचा तळवा दर वेळी गादीत रुतायचा. डावा पुढे, उजवा खाली, डावा मागे. डावा पुढे, उजवा खाली, डावा मागे. मी मनातल्या मनात मोजलं. मिनिटाला आठ वेळा. मग एकदा डावा हात पुढे गेला आणि मागे आलाच नाही. पप्पांच्या घशातून असा एक आवाज आला की भाजी चिरणारी आई थांबली.

“काय झालं हो?”

ते उठून बसले होते आणि डाव्या हाताची बोटं एकेक करून दाबत होते. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

“काय न्हाई. सपान.”

आता मला शोधायचंच होतं. पुस्तकात लिहिलं होतं, लपवलेलं कुठेतरी असतंच. आमच्या एवढ्याशा खोलीत लपवायला जागा ती किती! माळ्यावर जुन्या सेफ्टी शूजचं खोकं होतं. आई भिशीला गेल्यावर मी स्टुलावर चढले.

खोक्यात बूट नव्हते. जॉबकार्डं होती, कंपनीत रोजचा माल लिहितात ती खाकी पुठ्ठ्याची कार्डं. तेलाचे डाग पडलेली. एका बाजूला पार्ट नंबर आणि आकडे. दुसऱ्या बाजूला निळ्या पेनानं, पप्पांच्या त्या तिरक्या अक्षरात, कविता.

माझे पप्पा. कविता! मी स्टुलावरच बसले. पहिल्या कार्डावर होतं :

या शहरालाही आकाश आहे
पत्र्याच्या फटीतून मिळतं
जेवणाच्या सुट्टीत, दहा मिनिटं.
त्यातली पाच हात धुण्यात जातात.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. कंपनीच्या भोंग्यावर एक होती, इंद्रायणीच्या फेसावर एक होती, रात्रपाळीहून आलेल्या माणसाला दुपारी झोपताना कुल्फीवाल्याची घंटा कशी ऐकू येते त्यावर एक होती. आणि अगदी वरचं, सगळ्यात नवं कार्ड उलटं ठेवलेलं होतं. ते मी शेवटी वाचलं.

डावा हात आत जातो
उजवा हात दाबतो
दोघे सख्खे भाऊ
एकमेकांकडे बघत नाहीत.

तीन हजार वेळा डावा परत येतो
तीन हजार वेळा उजवा विचारतो, आलास?
एखाद दिवशी
तो विचारायचं विसरेल.

म्हणून मी आतापासूनच
बटणं एका हातानं लावतो
लेस एका हातानं बांधतो.
डाव्या हाता, रागावू नकोस
तुझ्यावाचून कसं व्हायचं
एवढंच बघतोय.

खोकं जसंच्या तसं ठेवलं. पण ते कार्ड मला ठेववेना. ते मी कंपासपेटीत, कोनमापकाखाली सरकवलं आणि वृषालीताईकडे पळाले.

कविता कुणाची ते मी सांगितलं नाही. ‘शाळेतल्या एका मुलीच्या काकांची’ म्हणाले. ताईनं ती दोनदा वाचली. केसांत खोचलेली पेन्सिल काढून ती ‘उजवा हात’ या शब्दांवर टेकवली.

“हे बघ, उजवा हात म्हणजे स्वतःला शिक्षा करणारं मन. आणि डावा म्हणजे शिक्षा भोगणारं. या माणसाला आतून वाटतंय की आपल्याला काहीतरी व्हावं.”

“म्हणजे... मुद्दाम?”

“मुद्दाम नाही गं वेडे, तेच तर! त्याला स्वतःलाही कळणार नाही. एक दिवस हात आत राहील आणि सगळे म्हणतील, चुकून झालं.” मग तिनं माझ्याकडे बघितलं. “रेणू, कोण आहेत हे काका? त्यांना एकटं सोडू नये म्हणावं.”

एकटं सोडू नये! सकाळी सात ते साडेतीन पप्पा कंपनीच्या गेटच्या आत, मी शाळेच्या बाकावर. कसं नाही सोडायचं?

पुढचे नऊ दिवस कसे गेले ते मला आजही आठवतं. शाळेच्या खिडकीतून मोठा रस्ता दिसायचा. रुग्णवाहिकेचा आवाज आला की मी बाक घट्ट धरायचे. ती कंपन्यांच्या दिशेनं गेली की मनात साडेतीनशेपर्यंत आकडे म्हणायचे, कारण एवढ्या वेळात ती परत फिरली नाही तर पप्पांना काही झालेलं नाही, असं मीच ठरवलं होतं. चार वाजता कोपऱ्यावर उभी राहायचे. पप्पांचा चेहरा मी बघायचेच नाही. आधी हात. डावा. डब्याची पिशवी त्या हातात असायची. पाच बोटं. मग श्वास.

“रोज इथं काय करतीस गं उभी?”

“काही नाही. सहज.”

“सहज,” पप्पा म्हणायचे आणि पिशवी माझ्याकडे द्यायचे. मला ती नकोच असायची. पिशवी माझ्याकडे आली की त्यांचा डावा हात खिशात जायचा आणि दिसायचा नाही.

आईला सांगावं असं हजारदा वाटलं. पण आई ज्या सहजपणे ती जास्तीची चपाती दुमडून डब्यात ठेवायची, ते बघून मी दप्तर उचलून निघायचे.

दहाव्या दिवशी, म्हणजे नवरात्रातल्या अष्टमीला, मी त्यांचा गेटपास तांदळाच्या डब्यात पुरला. गेटपास नाही तर प्रवेश नाही, हे मला माहीत होतं. एक दिवस तरी हात घरी राहील.

पप्पांनी खुंटी बघितली, पँटी झटकल्या, आईच्या पिशव्या उलट्या केल्या. सव्वासहा. साडेसहा. मी झोपेचं सोंग घेतलं होतं, पण माझी पापणी थरथरत होती, ते मला आतूनच कळत होतं. मग तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलं.

“उंदीर लई शिकल्यात आपल्या घरचे,” पप्पा म्हणाले. “तांदूळ खाईनात, पास लपवायलेत.”

आई नळावर गेल्याचं बघून ते माझ्याजवळ उकिडवे बसले.

“ऊठ. कशाला केलंस?”

मी उठले आणि जे नऊ दिवस दाबून ठेवलं होतं ते एकदम बाहेर पडलं. “पप्पा, तुम्हाला तुमचा हात नकोसा झालाय का?”

त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं.

“मी कविता वाचली. पुस्तकात लिहिलंय, माणसाच्या हातून चुकून काही होत नाही. त्याच्या मनातच असतं ते. तुमच्या अबोध मनात आहे, तुम्हाला माहीत नाही, पण तुम्ही एक दिवस—” आणि रडू.

कविता वाचल्याबद्दल ते रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“हे पुस्तकात लिवलंय?”

“हो.”

“शिवानंदची बोटं गेली त्या वक्ताला साहेबांनी एक भाषणवाले सर आणले होते. त्येबी हेच म्हणले. अपघात मशीनवर होत न्हाईत, माणसाच्या मनात होतात. शिवानंदच्या मनात घरचं टेन्शन होतं म्हणले.” त्यांनी पासावरचे तांदूळ झटकले. “मलाबी वाटाय लागलंय आता. असंल बी माझ्या मनात. कुणाला ठाव.”

माझं रडू थांबलं. कारण पप्पा घाबरले होते. मोठ्या माणसाला स्वतःचीच भीती वाटताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

“उद्या खंडेनवमी हाय,” ते उठत म्हणाले. “मशीनींची पूजा असती. घरच्यांना बोलवतात. तू चल. बघ एकदा मी कुठं असतो त्ये. आणि आईला काय बोलू नकोस.”

खंडेनवमीला शाळेला सुट्टी होती. आईला उपास आणि घट, त्यामुळे मी आणि पप्पाच गेलो. गेटवर शिवानंदकाका होते. त्यांनी मला गुळाचा खडा दिला, उजव्या हातानं. डावा खिशात होता.

“आली का कलेक्टरीणबाई? चल, तुझ्या बापाची म्हैस दाखवतो तुला.”

ती म्हैस खरंच म्हशीसारखी होती. काळी, माझ्या दुप्पट उंच, गळ्यात झेंडूचा हार, कपाळाच्या जागी हळदीकुंकवाची बोटं. पायाशी नारळ फोडलेला. रांगेत अशा सहा होत्या आणि सगळ्या बंद, त्यामुळे ती शेड भयंकर शांत वाटत होती. बायका नव्या साड्या सांभाळत एकमेकींना आपापल्या नवऱ्याची मशीन दाखवत होत्या. पप्पा त्यांच्या प्रेससमोर उभे राहिले.

“हितं मी असतो.”

मी साच्याच्या फटीत बघितलं. माझी वही उभी मावेल एवढीच जागा. वर तो दट्ट्या.

“हात इथे जातो?”

“हां.”

समोर कमरेच्या उंचीवर दोन हिरवी बटणं होती, तळव्याएवढी. एकमेकांपासून चांगली दोन हात लांब. वर एक जुनी पाटी होती आणि तिच्यावर चित्र : एक माणूस, दोन्ही हात दोन्ही बटणांवर. खाली अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती. ‘दोन्ही हातांनी दाबा.’

मी ते चित्र बघितलं. मग बटणं बघितली. उजवं बटण झिजून चकचकीत झालं होतं. डाव्या बटणावर धूळ होती, आणि त्याच्या कडेच्या रिंगमध्ये लाकडाची एक पाचर ठोकून ते आत दाबून ठेवलेलं होतं. पाचर तेलानं काळी पडली होती. पूजा करणाऱ्यानं तिलाही कुंकवाचं बोट लावलं होतं.

“पप्पा, हे काय?”

“पाचर.”

“कशाला?”

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. “दोन्ही हात बटणावर ठेवले तर पत्रा कोण सरकवणार? ठेवायचा, मागं यायचं, दोन्ही दाबायची, परत ठेवायचा. निम्मा माल निघंल. मग एक बटण कायमचं दाबून ठेवतात. एक हात आत, एक हात बाहेर.” मग हळूच, “सगळ्याच मशीनला हाय. जुनी पद्धत हाय ती.”

मी रांगेतून चालत गेले. दुसरी प्रेस. पाचर, कुंकू. तिसरी. पाचर, कुंकू. सहाच्या सहा.

डावा पुढे, उजवा खाली, डावा मागे. आमच्या गादीवर जे चाललं होतं ते हेच होतं. पप्पांच्या मनाच्या तळाशी कसलीही इच्छा दडलेली नव्हती. तिथे ही मशीन होती. तीन हजार वेळा रोज. मला तो घंटेचा कुत्रा आठवला, ज्याचं प्रकरण मी अर्ध्यात सोडलं होतं. आणि जास्तच भीती वाटली, कारण मनाला समजावता आलं असतं, गेटपास लपवता आला असता. पण ही पाचर उद्याही असणार होती, परवाही.

“चला, सगळे या इकडे!” चौगुलेसाहेबांनी टाळी वाजवली. ते सुपरवायझर. मालक खुर्चीवर बसले होते, म्हातारे, शुभ्र सफारीत. साहेबांनी भाषण सुरू केलं. मशीन ही लक्ष्मी आहे. कंपनी हे कुटुंब आहे. “आणि या वर्षी आपल्या एका भावाला इजा झाली. का झाली? लक्ष नव्हतं. अपघात मशीनवर होत नाहीत, मनात होतात! म्हणून मन शांत ठेवा.” शिवानंदकाका मागे भिंतीला टेकून उभे होते. ते जमिनीकडे बघत होते आणि मान हलवत होते. हो, लक्ष नव्हतं, अशी.

“आता मुलांपैकी कुणी काही म्हणून दाखवणार? गाणं, श्लोक? बक्षीस आहे, कंपासपेटी!”

एका मुलानं श्लोक म्हटला. एका छोटीनं बडबडगीत म्हटलं. मग माझा हात वर गेला. मी तो वर केला असं मी म्हणणार नाही. तो गेला.

“वा! कुणाची गं तू?”

“व्यंकट बिरादारांची.”

मी पुढे गेले. चाळीसेक माणसं, बायका, पोरं. स्नेहसंमेलनातल्या त्या पायऱ्या दिसायला लागल्या. पप्पा रांगेच्या टोकाला होते. मी फ्रॉकच्या खिशातून खाकी कार्ड काढलं तसं त्यांनी ते ओळखलं आणि मान हलवली. नको.

“डावा हात आत जातो,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक की मालकांनी कानाला हात लावला.

“मोठ्यानं, बाळ.”

“डावा हात आत जातो! उजवा हात दाबतो! दोघे सख्खे भाऊ, एकमेकांशी बोलत नाहीत!”

पत्र्याच्या छतावरून माझाच आवाज परत आला. आणि मग मला थांबता येईना. कार्ड बघायची गरजच नव्हती, नऊ दिवस ते माझ्या पोटात होतं. ‘आलास?’ म्हटलं तेव्हा एका बाईनं पदर तोंडाला लावला. शर्टाची बटणं आली तेव्हा दुसऱ्या प्रेसवरच्या काकांनी आपल्या शर्टाकडे बघितलं. पप्पांची मान हलायची थांबली होती.

कविता संपली. कुणीही टाळी वाजवली नाही.

“कुणी लिहिली ही?” चौगुलेसाहेबांनी विचारलं. हसत होते, पण नुसत्या ओठांनी.

मी म्हणाले, “साहेब, अपघात मनात होतात तर मग त्या पाटीवर दोन्ही हात कशाला काढलेत? आणि तुम्ही पाचरीला कुंकू लावलंय.”

नारळाचं पाणी टपकताना ऐकू येत होतं. आता पप्पांची नोकरी जाणार, हे मला त्या क्षणी अगदी स्वच्छ दिसत होतं, आणि तरी मी उभीच.

मग मागून कुणीतरी चालत आलं. शिवानंदकाका. ते सरळ पप्पांच्या प्रेसपाशी गेले. त्यांनी खिशातून डावा हात काढला. मी तो पहिल्यांदाच उघडा बघितला. अंगठा आणि करंगळी. त्या दोघांत त्यांनी पाचर पकडली आणि हलवायला लागले.

“शिवानंद, अरे पूजा झालीय तिची! हात नको लावूस!”

“साहेब, हात आधीच लागलाय माझा तिला,” काका म्हणाले. “मीच तासलीय ही. आंब्याच्या पेटीची फळी हाय.”

पाचर निघाली. बटण टक् करून वर आलं. काकांनी ती पाचर प्रसादाच्या ताटात, पेढ्यांच्या शेजारी ठेवली आणि परत भिंतीला जाऊन टेकले. या वेळी हात खिशात घातला नाही. पप्पा हलले. त्यांनी शेजारच्या प्रेसची काढली. आणखी एकानं स्वतःची काढली. उरलेल्या तिघांनी काढल्या नाहीत. त्यांच्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या.

मालक उठले. “उद्या बघू,” म्हणाले आणि पेढा न घेताच गेले.

पप्पांनी मोटारसायकल काढली. मी मागे त्यांचा शर्ट मुठीत धरून बसले होते. लांडेवाडीच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मान न वळवता म्हणाले, “चौथी ओळ चुकलीस.”

“काय?”

“‘एकमेकांकडे बघत न्हाईत’ हाय. तू ‘बोलत न्हाईत’ म्हणलीस.”

मला पुस्तकातलं ते पिवळ्या पेनानं रंगवलेलं वाक्य आठवलं. मी त्यांच्या पाठीवर डोकं टेकवलं. सिग्नल सुटला.

पुढचं सगळं काही छान झालं नाही. दसऱ्यानंतर पाच दिवस त्या तीन पाचरी गायब होत्या, मग माल कमी भरला आणि दोन मशीनींवर त्या परत आल्या. पप्पांनी त्यांच्या मशीनला लावू दिली नाही. दिवाळी झाल्यावर त्यांना ‘उद्यापासून येऊ नका’ असं सांगितलं. आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिनं माझी वेणी घालता घालता विचारलं, “ती कविता काय होती गं?” मी म्हणून दाखवली. तिचे हात केसांत तसेच थांबले. नंतर तिनं नोकरीचं नाव काढलं नाही.

अडीच महिन्यांनी त्यांना चाकणला काम लागलं. तिथेही प्रेसच, तिथेही दोन हिरवी बटणं. पण ती मशीन नवी होती. एक बटण दाबून ठेवलं तर ती जागची हलतच नाही, असं पप्पा आईला सांगत होते. मी मात्र कोपऱ्यावर उभी राहायचं सोडलं नाही. आणि दुपारी ते झोपले की गृहपाठ सोडून गादीकडे बघायचे. किती आठवडे तेच चाललं होतं. डावा पुढे, उजवा खाली, डावा मागे. नवी मशीन कंपनीत होती, जुनी अजून झोपेत चालू होती.

फेब्रुवारीत, भूगोलाचा नकाशा काढत असताना, गादीवर आवाज आला. थप्. मी मान वर केली.

पप्पा उताणे झोपले होते, तोंड उघडं. दोन्ही हात अंगापासून लांब पसरलेले. ते दोन्ही एकदम गादीत रुतले. थप्. मग दोन्ही एकदम वर आले. मी पेन्सिल खाली ठेवली आणि मोजायला लागले. थप्. दोन्ही. थप्. दोन्ही.

मध्ये, जिथे डावा हात जायचा त्या जागेत, गादीची नुसती चादर होती.